एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात काय तपासावे?

प्रश्न : मी शासकीय कंत्राटदार आहे. रस्ते, मोऱ्यांची छोटी कामे घेतो. नवे आर्थिक वर्ष सुरू होताना कोणती तयारी करावी?

उत्तर : आधी अडकलेला पैसा शोधा. अडीच लाखांवरील कंत्राटाच्या बिलातून खाते २ टक्के जीएसटी टीडीएस कापते. तो पैसा तुमचाच. पण पोर्टलवर ती कपात तुम्ही स्वीकारल्याशिवाय तुमच्या रोख खात्यात जमा होत नाही. कष्टाचे पैसे केवळ माहितीअभावी पडून राहतात, याचे मला फार वाईट वाटते. आयकराची कपात वेगळी. ती २६एएसशी ताडून पाहा. आकडा जुळत नसेल तर लेखा शाखेत लगेच लेखी अर्ज द्या.

मग सुरक्षा ठेवी. कोणत्या कामाचा दोषदायित्व कालावधी कधी संपतो, याची तारीखवार यादी करा आणि मुदत संपताच परतावा मागा. बँक गॅरंटी आणि डिजिटल सहीच्या तारखाही त्याच वहीत लिहा. १ एप्रिलपासून बिलांना नवी क्रममालिका द्या.

झालेल्या कामाची मोजमाप पुस्तिकेत नोंद राहिली असेल, तर अभियंत्यांना जागेवर बोलवा आणि पावसाळ्यापूर्वी मोजणी करून घ्या. बुजलेला पाया नंतर मोजता येत नाही.