यहुद्यांची भाकर व एक काटकी

परराष्ट्रीयानें भाजलेली भाकर यहुद्यानें खाऊं नये, असा निर्बंध इ. स. 200 च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना ग्रंथांत आहे. विटाळाचें दुःख आपणांपैकीं पुष्कळांस ठाऊक आहे. म्हणून हाही विटाळच, असें आपण चटकन् म्हणूं. परंतु तसें नाहीं.

तल्मूदांत कारण दिलें आहे तें असें: भाकरीमागून द्राक्षारस येतो, द्राक्षारसामागून सोयरीक, व सोयरिकीमागून परक्यांचीं दैवतें. रोटीव्यवहारामागून बेटीव्यवहार येतो, हें आपल्या गांवकऱ्यांस सांगणें नलगे.

म्हणूनच उपायही लहानसा आहे. भाकरीचे जिन्नस शास्त्रास मान्य असले, म्हणजे मळणारा व भाजणारा परका असला तरी चालतें. यहुद्यानें भट्टी पेटवावी, किंवा जळत्या भट्टींत एक काटकी टाकावी, इतकें पुरे. बाराव्या शतकांतील पंडित मायमोनिदेस म्हणतात कीं, ही केवळ निर्बंधाची खूण होय.

1565 सालीं व्हेनिस येथें छापलेल्या ‘शुल्हान अरूख’ ग्रंथांत, यहुदी भटारी नसेल तेथें परक्या दुकानदाराची भाकर विकत घेण्याची कित्येकांची चाल नमूद आहे. पोलंडचे मोशे इसरलिस यांनीं ही सवलत आणखी वाढविली. घरगुती भाकरीस मात्र ती नाहीं. कारण दुकानीं केवळ सौदा होतो, घरीं स्नेह जडतो. नववर्षापासून प्रायश्चित्ताच्या दिवसापर्यंतच्या दहा दिवसांत पुष्कळ जण दुकानाचीही भाकर वर्ज्य करितात.

तर बंधूंनो, हा नियम शिकवितांना एवढें ध्यानांत ठेवावें: येथें कुंपण आहे खरें, परंतु तें भाजणाऱ्याच्या हातास अशुद्ध म्हणत नाहीं.