साष्टीतील प्राचीन वस्तीच्या खुणा : भांडुप-कांजूर परिसराचा पूर्वेतिहास

मध्य रेल्वेने मुंबईहून ठाण्याकडे जाताना विक्रोळीनंतर कांजूरमार्ग, भांडुप व नाहूर ही स्थानके लागतात. पश्चिमेस पवईच्या टेकड्या आणि पूर्वेस मिठागरे व ठाण्याची खाडी, अशा या चिंचोळ्या पट्ट्यात आज कारखाने व उंच इमारती दिसतात. मात्र ही भूमी फार प्राचीन काळापासून नांदती आहे. शेतकरी, मीठ पिकविणारे, व्यापारी आणि देवभक्त यांनी येथे आपल्या खुणा ठेवल्या आहेत. त्या ओळखता याव्यात, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

षट्षष्टी अर्थात साष्टी

वांद्र्यापासून ठाण्यापर्यंतचे हे बेट शिलालेखांत 'षट्षष्टी' या नावाने येते. षट्षष्टी म्हणजे सहासष्ट, म्हणजेच सहासष्ट गावांचा प्रदेश. त्याचेच पुढे 'साष्टी' झाले. येथील मानवी वावर मात्र या नावापेक्षाही कितीतरी जुना आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नौदल अधिकारी टॉड यांना कांदिवली परिसरात अश्मयुगीन दगडी हत्यारे सापडली.

ऐतिहासिक काळातील सर्वांत मोठी खूण म्हणजे कान्हेरी. शंभराहून अधिक लेण्यांचा हा समूह सातवाहन काळापासून सुमारे हजार वर्षे गजबजलेला होता. सोपारा, कल्याण, चौल येथील व्यापाऱ्यांनी व गृहस्थांनी दिलेल्या दानांच्या नोंदी तेथील भिंतींवर कोरलेल्या आहेत. नवव्या शतकातील लेखांत ठेवलेल्या रकमेच्या व्याजातून भिक्षूंची वस्त्रे, ग्रंथ व डागडुजी यांची सोय केलेली आढळते. मूळ रक्कम न मोडता व्याजावर धर्मकार्य चालविण्याची पद्धत या भूमीत अशी अकराशे वर्षांहून जुनी आहे.

भांडुपचा ताम्रपट

कांजूरच्या शेजारच्या भांडुपने तर इतिहासाला एक अमोल ठेवा दिला. एकोणिसाव्या शतकात येथे उत्तर कोकणच्या शिलाहार घराण्यातील राजा छित्तराज याचा ताम्रपट सापडला. तो शके ९४८ म्हणजे इ. स. १०२६ चा आहे. स्थानक म्हणजे ठाणे ही शिलाहारांची राजधानी. षट्षष्टी विषयातील 'नौर' या गावातील एक शेत एका विद्वान ब्राह्मणास दान दिल्याची त्यात नोंद आहे. हे नौर भांडुपच्या उत्तरेस होते, असे अभ्यासक सांगतात. आजच्या 'नाहूर' या नावाशी असलेले त्याचे साम्य सहज जाणवते.

ताम्रपटात दान दिलेल्या जमिनीच्या चतुःसीमा सांगितलेल्या असतात. या ताम्रपटातील सीमांत शेजारच्या गावांबरोबर 'राजपथ' येतो. एक हजार वर्षांपूर्वी येथे मोजलेली शेते, नावे असलेली गावे आणि राजधानीशी जोडणारा मोठा रस्ता होता, हे या एका नोंदीवरून सिद्ध होते. पुढे याच पट्ट्यातून आग्रा रस्ता गेला आणि १८५३ साली देशातील पहिली प्रवासी रेल्वे बोरीबंदरहून ठाण्यास धावली. वाटा बदलल्या, पण दिशा तीच राहिली.

परळ येथे मिळालेला शके ११०८ चा, म्हणजे इ. स. ११८७ चा, अपरादित्य राजाचा शिलालेखही महत्त्वाचा आहे. षट्षष्टीतील महवली गावच्या एका वाडीच्या उत्पन्नातून वैद्यनाथ देवाच्या पूजेसाठी २४ द्रम्म नेमून दिल्याचे त्यात म्हटले आहे. लेख संस्कृतात असला तरी त्यातील शापवचन मराठीत आहे. दान मोडू पाहणाऱ्या सामान्य माणसाला ते समजावे, हाच त्यामागील उद्देश असावा.

दगड कसे ओळखावेत?

गावदेवीच्या पारावर, तळ्याकाठी किंवा देवळाच्या आवारात शेंदूर लावलेले जुने दगड पुष्कळदा दिसतात. त्यांतील दोन प्रकार ध्यानात ठेवावेत.

गधेगळ : हा दानाचा दगड होय. वर चंद्र-सूर्य, मध्ये लेख आणि खाली गाढवाचे शिल्प असते. चंद्र-सूर्य असेतो दान टिकावे आणि जो ते मोडील त्याच्या कुळाला कलंक लागावा, असा त्याचा अर्थ आहे.

वीरगळ : हे लढाईत पडलेल्या वीराचे स्मारक होय. खालच्या चौकटीत युद्ध, त्यावर वीरास स्वर्गी नेणाऱ्या अप्सरा आणि सर्वांत वर शिवपूजा असते. बोरिवलीजवळील एकसर येथील वीरगळांवर वल्ह्यांच्या नौकांचे युद्ध कोरलेले असून, कित्येक इतिहासकार त्याचा संबंध तेराव्या शतकातील यादव-शिलाहार संघर्षाशी जोडतात.

यांशिवाय नक्षीचे खांब, कळसाचे तुकडे, भग्न मूर्ती व खापरे यांवरूनही जुनी वस्ती ओळखता येते. परळ येथे १९३१ साली रस्त्याच्या कामात सापडलेली भव्य शिवमूर्ती बारादेवी मंदिरात आजही पूजेत आहे. पूजा आणि जतन एकत्र नांदू शकतात, हे तिच्यावरून दिसते.

भाविक व देणगीदारांस विनंती

अलीकडे २०१५ पासून मुंबई विद्यापीठाशी संलग्न अभ्यासकांनी व साठ्ये महाविद्यालयातील पुरातत्त्वाच्या जाणकारांनी साष्टीचे गावोगाव सर्वेक्षण करून अशा अवशेषांची नोंद घेतली. इमारतींच्या पायाखाली, भरावाखाली पुष्कळ काही नाहीसे होत असताना हे काम मोलाचे ठरले.

मंदिराचा जीर्णोद्धार करताना फरशी, सिमेंट व तैलरंग यांखाली लेख कायमचा झाकला जातो. श्रद्धेने दिलेला पैसाच अशा वेळी पूर्वजांच्या दानाची साक्ष पुसून टाकतो. तेव्हा काम काढण्यापूर्वी जुन्या दगडांची छायाचित्रे घ्यावीत, त्यांची मूळ जागा लिहून ठेवावी आणि जाणकारांस दाखवावे. अक्षरे दिसल्यास ती खरवडू नयेत. भग्न मूर्ती तळ्यात वा खाडीत सोडू नयेत. खोदकामात नाणी, ताम्रपट वा मूर्ती मिळाल्यास १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांस कळविणे आवश्यक आहे.

नौर गावचे ते शेत आज कोणास दाखविता येणार नाही. तरी ते होते, हे एका ताम्रपटामुळे कळले. आपल्या गावच्या पारावरील दगडही असेच काही सांगत असेल. त्यास हात जोडताना क्षणभर थांबून तो वाचून पाहावा, ही नम्र विनंती.