घड्याळ पालथं ठेव

छत्रपती संभाजीनगर

चि. ओंकार यास,


ताईचा फोन आला होता. ऑफिसमधून आल्यावर तू पाचशे तुकड्यांची पझलं लावत बसतोस, मोबाईलवर वेळ मोजतोस, आणि परवा नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला म्हणून न जेवता झोपलास, असं ती सांगत होती. हे खूळ बंद करायला मी तुला सांगावं, अशी तिची इच्छा आहे. मी तसं सांगणार नाही. छंद चांगला आहे, तो सोडू नकोस. पण तो कसा करावा याबद्दल मला बोलायचं आहे. मीही बरीच वर्षं हेच करत आलोय आणि तुझ्या वयाला काय होतं ते मला कळतं.

आधी स्पर्धेचं बोलू, कारण तुझ्या डोक्यात ती आहे. स्पेनमधल्या वायादोलिद शहरात २०१९ साली पहिली जागतिक जिगसॉ स्पर्धा झाली. करोनामुळे दोन वर्षं खंड पडला आणि २०२२ पासून ती पुन्हा सुरू झाली. एकट्याने, जोडीने आणि चौघांच्या संघाने, असे तीन प्रकार असतात. एकट्याला ५०० तुकडे आणि जास्तीत जास्त दीड तास. चित्र आधी कुणी पाहिलेलं नसतं. पहिले येणारे पाऊण तासाच्या आत मोकळे होतात, म्हणजे एका तुकड्यामागे पाच सेकंदांच्या आसपास. ज्यांचं दीड तासात पुरं होत नाही त्यांनाही क्रमांक मिळतो, किती तुकडे लावायचे राहिले यावरून. हा नियम मला फार आवडतो. अर्ध्यावर राहिलेल्या माणसाचंही काम तिथे मोजलं जातं. तू मात्र स्वतःला एवढीही सवलत देत नाहीस.

वेग कमवायला माझी हरकत नाही. घड्याळ लागलं की मन पटावर टिकतं, नाहीतर हात तुकड्यावर आणि डोकं उद्याच्या मीटिंगमध्ये असं होतं. तेव्हा वेळ लाव आणि मोबाईल पालथा घालून दोन हात लांब ठेव. शेवटचा तुकडा बसल्यावरच उचल. आकडा वहीत लिहून वही मिटायची. तुलना करायचीच तर महिन्याची महिन्याशी कर, कालची आजशी नको. शिवाय चित्राचा फरक धर की! रंगीबेरंगी दुकानाचं चित्र आणि बीबी का मकबऱ्याचं चित्र यांना सारखा वेळ कसा लागेल? मकबऱ्यात पांढरे घुमट, पांढरे मिनार आणि वर अख्खं निळं आभाळ. तिथे रंग कामाला येत नाही, कान आणि खाचा पाहूनच तुकडा शोधावा लागतो.

गेल्या वर्षी मी अजिंठ्याच्या पहिल्या क्रमांकाच्या लेण्यातल्या पद्मपाणीचं १००० तुकड्यांचं पझल करून घेतलं. फोटो पाठवला की असं कापून देणारे आता पुष्कळ आहेत. डबा उघडला तर सगळं तपकिरी! पहिल्या संध्याकाळी मी ते रंगाने वाटूच शकलो नाही. मग हळूहळू दिसायला लागलं की हा तपकिरी गेरूचा आहे, हा पिवळ्या मातीचा, आणि हा रंग नाहीच, गिलावा उडून उघडी पडलेली भिंत आहे. मुकुटाच्या नक्षीचे तुकडे आधी लागले, मग हातातलं कमळ, मग खाली झुकलेल्या पापण्या. खांद्याजवळचा सावळा भाग आठवडाभर लागला नाही. पुढे पाहुण्यांना घेऊन लेण्यात गेलो तेव्हा त्या अर्ध्या अंधारात मला त्या चित्रात पूर्वी कधीच न दिसलेल्या गोष्टी दिसल्या. आपल्या घरापासून शंभरेक किलोमीटरवर ते लेणं आहे, लहानपणापासून कितीदा पाहिलंय, आणि तरी. हे मला कोणत्याही वेगाने मिळालं नसतं. म्हणून माझं सांगणं असं की घड्याळ लावून करायची पझलं वेगळी ठेव आणि महिन्यातून एखादं तरी घड्याळाविना कर.

मनाला याने बरं का वाटतं, याचा मी विचार केलाय. दोन्ही हात गुंतलेले असल्यामुळे मोबाईल आपोआप सुटतो. दर थोड्या वेळाने एक तुकडा चपखल बसतो आणि तो बसला हे सांगायला कुणाची गरज लागत नाही. तुझ्या नोकरीत काम संपतं कधी हेच कळत नाही, केलेलं पसंत पडलं की नाही हे कुणीतरी दुसराच ठरवतो. पझल संपतं. अमेरिकेत १९३०च्या मंदीत, विशेषतः १९३२-३३ मध्ये, पुठ्ठ्याच्या स्वस्त पझलांचं वेडच लागलं होतं. दर आठवड्याला नवं चित्र विकायला यायचं, भाड्यानेही पझलं मिळायची. नोकरी गेलेल्या माणसाला संध्याकाळपर्यंत हातून काहीतरी पुरं झालेलं पाहणं किती मोलाचं वाटलं असेल, हे मला चांगलं समजतं. लंडनच्या जॉन स्पिल्सबरीने १७६०च्या दशकात नकाशे लाकडावर चिकटवून कापले ते मुलांना भूगोल शिकवायला. मंदीच्या काळात तेच खेळणं मोठ्या माणसांचा विसावा झालं.

पण त्याला औषध समजू नकोस. जर्मनीतल्या उल्म विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. पन्नाशी ओलांडलेले १०० निरोगी लोक घेतले आणि त्यातल्या निम्म्यांना महिनाभर रोज किमान तासभर पझल लावायला सांगितलं. महिन्याने बुद्धीच्या चाचण्यांत त्यांचा इतरांपेक्षा म्हणण्यासारखा फायदा दिसला नाही. आयुष्यभर पझलं लावत आलेल्यांच्या क्षमता मात्र चांगल्या आढळल्या. त्यातही पझलमुळे बुद्धी तरतरीत राहिली की तशी बुद्धी असलेलेच पझलकडे वळले, हे ठरवता येत नाही. तेव्हा याने हुशारी वाढते, उदासी जाते, असं कुणी छातीठोक सांगितलं तर विश्वास ठेवू नकोस. रोजचा शीण उतरतो, मन तासभर एका जागी बसतं, एवढं मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो, आणि एवढं पुष्कळ आहे.

आता जरा कठोर बोलतो. न जेवता झोपणं हे पझलचं दुखणं नाही. आकडा बिघडला हे निमित्त झालं, आत आधीपासून काहीतरी साचलं असणार. झोप उडाली असेल, सकाळी उठावंसं वाटत नसेल, कामाच्या आठवणीने छातीत धडधडत असेल, तर पझल लावून ते दाबत बसू नकोस. १४४१६ हा सरकारचा टेलिमानस क्रमांक आहे, २०२२ पासून चालू आहे, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. इकडे आलास तर घाटी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, मी सोबत येईन. यात लाजण्यासारखं काही नाही, आणि ताईला कसं सांगायचं ते माझ्यावर सोड.

बारीकसारीक गोष्टीही ऐक. रात्री अकरानंतर नवं पझल उघडू नकोस, एक तुकडा, अजून एक तुकडा करत दोन वाजतात. पलंगावर वाकून लावू नकोस, मान धरते. पट टेबलावर घे आणि दिवा बाजूने येऊ दे, वरच्या ट्यूबलाइटने गुळगुळीत तुकडे चमकतात आणि रंग फसवतो. तुकडे वाटायला जेवणाची ताटं सगळ्यात उत्तम.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, एकटाच करू नकोस. तुझ्या खोलीवरच्या मुलांना विचारलंस का कधी? जोडीने करताना दुसऱ्याच्या हातातला तुकडा हिसकावायचा मोह आवरावा लागतो, आपण तासभर शोधत होतो तो त्याने सहज लावला की हसावं लागतं. चौघांत तर कामं वाटून घ्यावी लागतात, कडा कुणी करायच्या, आभाळ कुणी घ्यायचं, यावरून भांडणंही होतात. आकड्यावरून स्वतःला छळणाऱ्या माणसाला हे फार उपयोगी पडतं.

दिवाळीत चार दिवस इकडे ये. आजोबा, ताई, तू आणि मी, असा आपला संघ होतो. हजार तुकड्यांचं पझल साधारण ७० बाय ५० सेंटिमीटरचं असतं, ते आपल्या कॅरमबोर्डावर नेमकं मावतं. पावडर पुसून तो मी माळ्यावरून खाली काढून ठेवलाय. आजोबांना जवळचं नीट दिसत नाही, म्हणून मोठ्या तुकड्यांचं निवड, आणि गावाचं किंवा बाजाराचं चित्र आण, त्यांना माणसं ओळखायला आवडतात. गाडीचं तिकीट आत्ताच काढ, पुढे मिळत नाही. आज रात्री जेवून मला फोन कर.

तुझा,
मामा