खरे माप आणि परका वाटसरू

शास्त्रपाठ : लेवीय १९:३३–३६, अनुवाद २५:१३–१८, लूक १९:१–१०



रत्नागिरीहून कोल्हापुरास निघालेला मनुष्य हातखंब्यास मुंबई–गोवा महामार्गाला लागतो आणि थोड्याच वेळात पाली ह्या गावी येतो. येथे वाटा फुटतात. एक वाट लांजा, राजापूर करीत गोव्याकडे जाते. दुसरी नाणीज, साखरपा ही गावे मागे टाकून आंबा घाट चढते व कोल्हापुरास पोहोचते. गाव लहान आहे, परंतु त्याच्या दारावरून परमुलखाचे लोक नित्य ये-जा करीत असतात.

चैत्र-वैशाखात ह्या रस्त्याच्या कडेने आंब्याच्या पेट्या मांडलेल्या दिसतात. गिऱ्हाईक मोटारीतून उतरते, भाव ठरविते, पेटी घेते आणि घाट चढून निघून जाते. पेटी तो आपल्या घरी उघडील, तेव्हा विकणारा त्याच्यापासून शंभर कोस दूर असेल. अशा परत न येणाऱ्या गिऱ्हाइकाविषयी शास्त्र काय शिकविते, हे आजच्या पाठात पाहावयाचे आहे.

हा पाठ माझ्या मनात कसा आला, ते प्रथम सांगितले पाहिजे. मागे एका हंगामात ह्या रस्त्यावर आंबे विकणारा एक तरुण बंधू उपासना संपल्यावर मजजवळ आला व म्हणाला, “पाळकसाहेब, पेटीच्या वरच्या थरात निवडक फळ लावायचे आणि खाली लहान, डागी फळ भरायचे, असे पुष्कळ जण करतात. कर्नाटकाचा आंबा रत्नागिरी हापूस म्हणून देतात. मी तसे केले नाही, तर त्यांच्या भावात माझा माल खपत नाही. घरी आई आजारी आहे, बागाईतदाराचे पैसे द्यायचे आहेत. मी काय करू?”

मी त्यास नीतिसूत्रांच्या अकराव्या अध्यायातील पहिले वचन ऐकविले, पाठीवर हात ठेविला आणि निरोप दिला. तो “होय” म्हणाला व गेला. त्या रात्री मला झोप आली नाही. माझा पगार महिन्याच्या महिन्यास येतो. माझ्या प्रामाणिकपणाची किंमत मला रोज सायंकाळी मोजावी लागत नाही. दारी आलेला याचक लवकर जावा म्हणून त्याच्या हातावर पैसा टाकावा, तसे मी त्यास वचन दिले होते. म्हणून दुसऱ्या दिवशी मापांविषयीची वचने मी पुन्हा, ह्या वेळी त्या बंधूच्या जागी बसून, वाचू लागलो.

१. आज्ञेची जागा

लेवीयाच्या एकोणिसाव्या अध्यायात परमेश्वर इस्राएल लोकांस तराजू, वजने, एफा व हिन ही सर्व खरी ठेवावयास सांगतो. एफा हे धान्याचे माप आणि हिन हे तेलासारख्या पातळ पदार्थाचे. त्या काळी वजने दगडाची असत. म्हणून इब्री भाषेत वजनाला ‘दगड’ हाच शब्द येतो. ज्याच्या पिशवीत दगड, त्याच्या हाती न्याय, अशी स्थिती होती.

आपल्याकडेही हे नवे नाही. चार शेरांची पायली, बारा पायलींचा मण आणि वीस मणांची खंडी असा हिशेब आपल्या वाडवडिलांचा होता. परंतु एका बाजाराची पायली दुसऱ्या बाजाराच्या पायलीस जुळत नसे. ज्यास स्थानिक माप ठाऊक नाही, असा परका मनुष्य फसण्यास हा फरक पुरेसा होता.

आता पाहा की, मापाच्या आज्ञेच्या लगेच आधी, म्हणजे तेहतिसाव्या व चौतिसाव्या वचनांत, कोणती आज्ञा आहे. तेथे परदेशीयावर जुलूम करू नये, त्यास आपल्यातलाच समजून त्याजवर प्रीती करावी, कारण इस्राएलही मिसर देशात परके होते, असे सांगितले आहे. परक्यावरील प्रीती आणि खरे माप ह्या दोन आज्ञा एकीस एक लागून आहेत. शेजारी आपणास ओळखतो; तो दुसऱ्या दिवशी येऊन भांडेल, म्हणून आपण त्यास भितो. परक्यास मात्र आपल्या तराजूवाचून दुसरा आधार नसतो.

२. दोन वजने

अनुवादाच्या पंचविसाव्या अध्यायात पिशवीत लहान-मोठी दोन वजने आणि घरात लहान-मोठी दोन मापे ठेवण्याची मनाई आहे. ही दोन कशासाठी, हे व्यापाऱ्यास सांगावयास नको. घेताना मोठे, देताना लहान.

त्याच अध्यायाच्या शेवटी अमालेकाची गोष्ट येते. इस्राएल वाटेत असता थकूनभागून मागे राहिलेल्या दुबळ्यांवर अमालेकाने घाला घातला. वजनांची आज्ञा आणि वाटेवरचा हा घाला येथेही शेजारी शेजारी आहेत. मुलांना घेऊन लांबचा प्रवास करणारा, उन्हाने दमलेला, घाईत असलेला वाटसरू आपल्या पेट्यांपुढे उभा राहतो, तेव्हा त्यास लुबाडणे सोपे असते. अमालेकास तरी तलवार उपसावी लागली होती.

३. कायदा कोठवर पोहोचतो

आपल्या देशात मापांचा गोंधळ मोडण्यासाठी १९५६ साली वजनेमापांचा कायदा झाला आणि १९५८ च्या ऑक्टोबरापासून किलोग्रॅमची पद्धत टप्प्याटप्प्याने चालू झाली. आज वजनकाट्याची सरकारी तपासणी होऊन त्यावर शिक्का बसतो. २०१८ साली हापूस ह्या नावास भौगोलिक मानांकन मिळाले, आणि ते नाव रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर ह्या जिल्ह्यांच्या आंब्यास राखून ठेवण्यात आले. कॅल्शियम कार्बाइड घालून फळ पिकविण्यास कायद्याने बंदी आहे. ही व्यवस्था चांगली आहे आणि तिच्याबद्दल देवाचे आभार मानावेत.

तथापि शिक्का काट्यावर बसतो. पेटीच्या खालच्या थरावर बसत नाही. पेंढ्याच्या अढीत आंबा पिकण्यास दिवस लागतात, आणि तेवढा धीर मनुष्यास कोणताही कायदा देत नाही. आमोसाच्या आठव्या अध्यायात असे व्यापारी आढळतात की, ते शब्बाथ पाळतात, पण तो कधी संपेल आणि लहान एफा घेऊन पुन्हा दुकान कधी उघडता येईल, ह्याची वाट पाहत असतात. ते गव्हाबरोबर त्याचा भुसाही विकतात. त्यांची उपासना चुकत नव्हती. म्हणूनच देवाचा राग त्यांजवर अधिक होता.

४. जक्कयाच्या घरी

यरीहो हेही वाटेवरचे गाव होते, आणि जक्कय तेथे जकात घेणाऱ्यांचा मुख्य होता. प्रभूने त्यास आधी हिशेबाच्या वह्या दाखवावयास सांगितले नाही. त्याने त्यास झाडावरून खाली बोलाविले आणि त्याच्या घरी उतरला. त्यानंतर जक्कय आपण होऊन अर्धी मालमत्ता गरिबांस देण्यास व अन्यायाने घेतलेले चौपट परत करण्यास उभा राहिला. हा क्रम विसरू नये. खऱ्या मापाने आपण तारण विकत घेत नाही. ज्याच्या घरी प्रभू उतरला आहे, त्याच्या घरात खोटे माप राहू शकत नाही, एवढेच.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. चौपट दिल्यावर जक्कयाचा धंदा भरभराटला, असे शास्त्र कोठेही सांगत नाही. त्यास तोटा झाला असेल, आणि तो त्याने आनंदाने सोसला.

५. मंडळीचे माप

पुढल्या शनिवारी मी त्या बंधूच्या पेट्यांजवळ जाऊन बसलो. त्याने दोन रास केल्या होत्या. एकीवर रत्नागिरी व दुसरीवर कर्नाटक अशी पाटी होती, आणि दोहींचे भाव वेगळे होते. मागेल त्यास तो पेटीचा खालचा थर उघडून दाखवीत असे. काहींनी आंबे घेतले. पुष्कळ जण भाव ऐकून पुढच्या विक्रेत्याकडे गेले. त्या हंगामात त्याची मिळकत कमी झाली आणि बागाईतदाराचे पैसे पुरे फिटले नाहीत. तेव्हा मंडळीतील काही घरांनी मिळून त्यास बिनव्याजी रक्कम दिली; ती तो अजून थोडी थोडी फेडीत आहे. देवाने त्यास दुप्पट दिले, असे मी लिहिणार नाही, कारण तसे घडलेले नाही. तो एवढेच म्हणाला, “एखादी गाडी पुन्हा थांबली, तर आता तोंड लपवावे लागत नाही.”

उघड्यानागड्या भावास अन्नवस्त्र न देता नुसते “सुखाने जा” म्हणणाऱ्यांना याकोबाने दुसऱ्या अध्यायात दोष दिला आहे. सदस्यांनी खरे माप ठेवावे असे ज्या मंडळीस वाटते, तिने त्या मापाचा तोटाही वाटून घेतला पाहिजे.

विकणाऱ्यापाशीच तराजू असतो असे नाही. मजुराची अर्ध्या दिवसाची मजुरी कापणारा बागाईतदार, गरिबाच्या अडचणीचा फायदा घेऊन भाव पाडणारे गिऱ्हाईक, उशिरा येऊन वेळेवर आल्याची सही करणारा नोकरदार, ह्या सर्वांच्या हाती माप आहे. आणि उपदेशक बंधूंनो, आपलेही एक माप आहे. उपासनेस सात माणसे असता अहवालात पंधरा लिहिणे, हीसुद्धा वरच्या थरात चांगले फळ लावलेली पेटीच होय. हे मी स्वतःस वगळून लिहीत नाही.

ह्या जिल्ह्यात स्कॉटिश मिशनरी १८२३ साली बाणकोटास आले आणि अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनने १८७३ साली रत्नागिरीस काम आरंभिले. इतक्या वर्षांनंतरही येथे आपण थोडेच आहोत. अनेक गावी लोकांनी शास्त्र हाती घेतलेले नसते, पण आपल्या हातचा तराजू ते रोज पाहतात. प्रभूने लूकाच्या सहाव्या अध्यायात दाबून, हालवून, शिगोशीग भरलेल्या मापाची गोष्ट सांगितली. ते माप आपल्या पदरात पडले आहे. मग परक्याच्या पदरात आपण उणे माप कसे घालावे?

मननासाठी प्रश्न

१. परक्याविषयीची आज्ञा आणि मापाविषयीची आज्ञा लेवीयात एकत्र का आल्या असाव्यात?

२. माझ्या कामात “खालचा थर” कोणता? तो उघडून दाखविण्यास मी तयार आहे काय?

३. खरेपणामुळे आपल्या मंडळीतील कोणाचा तोटा होत आहे? त्याचा भार आपण कसा वाटून घेऊ?

प्रार्थना : हे प्रभो, तू आमच्या घरी उतरला आहेस. आमची पिशवी, आमची पेटी व आमची वही तूच तपासून पाहा, आणि जो वाटसरू आम्हांस पुन्हा भेटणार नाही, त्याच्यापुढेही आम्हांस खरे ठेव. आमेन.