ग्रामसभा गेली, विचारविनिमय उरावा

प्रश्न : खारीसारख्या शहरात मिसळलेल्या गावात रहिवाशांची एकजूट कशी बांधावी?

उत्तर : खारी गाव १९८५ मध्ये मीरा-भाईंदर नगरपरिषदेच्या आणि २००२ मध्ये महानगरपालिकेच्या कक्षेत आले, त्यामुळे गावकऱ्यांना एकत्र बसवून जाब विचारण्याचा हक्क देणारी ग्रामसभा तेथे उरली नाही, हे नुकसान मोठे आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने ३ लाख वा अधिक लोकसंख्येच्या शहरांसाठी प्रभाग समित्या, म्हणजे एक वा अधिक प्रभागांचा कारभार पाहणाऱ्या समित्या, सांगितल्या. मात्र गल्लीतल्या माणसाचा आवाज तेथे आपोआप पोहोचत नाही.

या संदर्भात गडचिरोलीतील मेंढा (लेखा) हे गाव मार्गदर्शक ठरते. तेथे निर्णय बहुमताऐवजी सर्वसहमतीने, म्हणजे एकाचाही विरोध न उरेपर्यंत चर्चा चालू ठेवून होतो, आणि कायदे समजून घेण्यासाठी अभ्यासगट चालतो. या तयारीच्या बळावर गावाने २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवला.

खारीत याच क्रमाने जावे. पावसाळ्यापूर्वी तुंबणाऱ्या एकाच गटाराचा प्रश्न घेऊन जुने गावकरी, इमारतींतील भाडेकरू आणि बचतगटातील महिला यांनी एकत्र बसावे; जागा पाहून तारीखवार नोंद करावी, माहितीचा अधिकार आणि अर्जलेखन यांचे प्रशिक्षण घ्यावे, व मगच पालिकेशी भागीदारी, म्हणजे कामाची व देखरेखीची लेखी वाटणी, ठरवावी. शिकलेली, एकमेकांना ओळखणारी माणसे हीच वस्तीची खरी ताकद असते.