ठोकळ्यांची प्रदर्शने आणि बालरचनाकार

शाळेच्या वार्षिक समारंभात हस्तव्यवसायाच्या वस्तूंचे एक दालन असतेच. पाहुणे येतात, कौतुक करून पुढे जातात आणि सायंकाळी वस्तू कपाटात जातात. त्यांपैकी कित्येकींवर नाव मुलाचे असले तरी हात वडील भावाचा किंवा खुद्द गुरुजींचा असतो, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. प्रदर्शन पाहून घरी गेलेले मूल दुसऱ्या दिवशी स्वतः काय करावयास बसते, ही त्या प्रदर्शनाची खरी कसोटी होय. या दृष्टीने परदेशांतील हौशी मंडळी खेळण्यांच्या ठोकळ्यांची जी प्रदर्शने भरवितात, त्यांचा परिचय शिक्षकबंधुभगिनींस उपयोगी पडेल.

हे ठोकळे म्हणजे ‘लेगो’. डेन्मार्कमधील बिलुंड या गावी ओले कर्क क्रिस्टियानसेन नावाच्या सुताराने १९३२ साली लाकडी खेळणी करण्यास प्रारंभ केला. त्याच कारखान्यातून पुढे प्लॅस्टिकचे ठोकळे निघाले. माथ्यावर गुंड्या आणि पोटात पोकळ नळ्या, या आजच्या रचनेच्या पेटंटसाठी २८ जानेवारी १९५८ रोजी अर्ज करण्यात आला. खालच्या ठोकळ्याच्या गुंड्या वरच्याच्या पोटात नळ्या व भिंती यांच्यामध्ये घट्ट बसतात. डिंक नको, खिळा नको. आणि मोडावयाचे झाल्यास बोटांनी सुटतात. मापे काटेकोर सांभाळल्यामुळे १९५८ चा ठोकळा आजच्या ठोकळ्यावर बसतो. आठ गुंड्यांचे, एकाच रंगाचे दोन ठोकळे २४ प्रकारांनी जोडता येतात. सहा घेतले तर प्रकार होतात ९१,५१,०३,७६५! (वरच्या वर्गांत पुठ्ठ्याच्या दोन आयतांवर आठ-आठ ठिपके काढून हे २४ प्रकार मुलांकडून अवश्य शोधून घ्यावेत. ठोकळे नसले तरी चालते.)

दुकानातील पेटीबरोबर चित्रमय सूचना येतात. त्या बरहुकूम जोडले की झाकणावरील वस्तू तयार होते. पण हौशी मंडळींच्या मेळाव्यात मान असतो तो कर्त्याने आपल्या कल्पनेने उभारलेल्या रचनेस. अमेरिकेत सिॲटल येथे २००२ साली आणि शिकागोजवळ २००७ साली असे मेळावे सुरू झाले. पुढे इतर देशांतही ही प्रथा रुजली. काही तास केवळ रचनाकारांचे, आपसांत बोलण्याचे. काही तास सर्वसामान्य प्रेक्षकांचे. बिलुंड येथे २०१७ साली उघडलेल्या ‘लेगो हाऊस’ या वास्तूत तर हौशी रचनाकारांच्या कृतींसाठी स्वतंत्र दालन राखले आहे.

या मेळाव्यांतील एक प्रकार आपल्या विशेष कामाचा आहे. त्याचे नाव ‘ग्रेट बॉल कॉन्ट्रॅप्शन’. आपण त्यास चेंडूंची शृंखला म्हणू. प्रत्येक रचनाकार घरून एक लहान यंत्र तयार करून आणतो. शेजारच्या यंत्राने टाकलेले लहान चेंडू घ्यावयाचे आणि पुढच्या यंत्राच्या टोपल्यात टाकावयाचे, एवढेच त्याचे काम. कोणी ते जिन्याने चढवितो, कोणी चाकावरून नेतो, कोणी झेलून फेकतो. त्यात पूर्ण स्वातंत्र्य. नियम आहेत ते केवळ सांध्याचे: सरासरी सेकंदाला एक चेंडू घेता आला पाहिजे, आणि एकदम सोडावयाचे झाल्यास तीसहून अधिक सोडू नयेत. एवढ्या अल्प करारावर पूर्वी एकमेकांस न भेटलेल्या माणसांची यंत्रे एका रांगेत चालू लागतात. एक अडकले की चेंडू साचतात आणि कर्ता सर्वांदेखत ते दुरुस्त करू लागतो. माझ्या मते पाहणाऱ्या मुलाचे खरे शिक्षण या क्षणी होते. निर्दोष वस्तू त्याला केवळ दिपविते. अडलेली आणि पुन्हा चालू झालेली वस्तू त्याला आत घेते.

नाजूक रचनांभोवती दोरी असते, हात लावण्यास मनाई असते. ते योग्यच आहे. परंतु कर्ता बहुधा जवळच उभा असतो. हे कसे तोलले, हा भाग आतून पोकळ आहे काय, किती वेळा कोसळले, असे मुलाने विचारले तर उत्तर मिळते. शिवाय अनेक ठिकाणी मुलांसाठी सुट्या ठोकळ्यांची मेजे मांडलेली असतात. डोळ्यांत भरलेले तत्काळ हाती उतरविण्याची ही सोय नसेल, तर दोरीच्या अलीकडे उभे राहून मूल ‘हे मोठ्यांचे काम’ एवढेच शिकेल.

हे ठोकळे महाग आहेत, आणि ते शाळांनी विकत घ्यावेत असा येथे मुळीच आग्रह नाही. शिवाय ही रीत आपणांस अगदी परकीही नाही. दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करणारे मूल येणाऱ्या-जाणाऱ्यास महादरवाजा कोठे, चोरवाट कोठे, हे आपण होऊन सांगते. चिपाडाची बैलगाडी करणाऱ्यास आस का मोडला ते नेमके ठाऊक असते. ही मुले शाळेच्या दालनात मात्र वस्तूपासून दूर, रांगेत उभी असतात.

तेव्हा येत्या प्रदर्शनात वस्तूजवळ तिचा कर्ता उभा करावा. चिठ्ठीवर नावाबरोबर कोणते साहित्य वापरले आणि काय दोन-तीनदा बिघडले, तेही त्याच्याच अक्षरांत लिहवून घ्यावे. शुद्धलेखनाच्या चुका त्या दिवसापुरत्या राहू द्याव्यात. ओट्याला पायऱ्या असतील तर शृंखलेचा प्रयोगही करून पाहण्यासारखा आहे. एकेक पायरी एकेका गटाला द्यावी. वरून डाव्या टोकास आलेली गोटी उजव्या टोकास नेऊन खाली सोडावयाची. पुढच्या गटाने उजवीकडून घेऊन डावीकडे. पपईच्या देठाच्या नळ्या, बांबूच्या चिरफळ्या, पुठ्ठा, करवंट्या, जे मिळेल ते चालेल. सांध्याचे माप गटप्रमुखांनी आपसांत ठरवावे. गुरुजींनी त्यात पडू नये. गोटी अडकली तर तीही ज्या त्या गटालाच सोडवू द्यावी, पाहुणे समोर उभे असले तरी. आणि उरलेले साहित्य दालनाच्या दाराशी सतरंजीवर मोकळे टाकावे, म्हणजे बाहेर पडणाऱ्या लहान मुलांना तेथेच बसता येईल.