मूससाठी काडतूस निवडताना

भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार जवळपास बंदच झाली, त्यामुळे माझ्या पिढीला घरात काही सांगणारं कुणी नव्हतं. रायफल हातात आली ती स्वीडनमध्ये, इथली परीक्षा देऊन गावच्या शिकारी टोळीत शिरल्यावर. नव्या भिडूंचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: मूससाठी, म्हणजे इथल्या महाकाय हरणासाठी, काडतूस कोणतं?

१. आधी इथला कायदा वाचा, दुकानात नंतर जा. गोळी १० ग्रॅम किंवा जास्त वजनाची असेल, तर १०० मीटरवर किमान २००० जूल ऊर्जा हवी. ९ ते १० ग्रॅमच्या मधली असेल, तर २७०० जूल. म्हणून १८९० च्या दशकातलं ६.५×५५ हे जुनं लष्करी काडतूस १०.१ ग्रॅमच्या गोळीसह आरामात पास होतं आणि त्यातच ९.१ ग्रॅमची वेगवान गोळी घातली, की सहसा नापास! गोळी आत शिरल्यावर फुलणारी हवी, हेही कायदाच सांगतो.

२. खांद्याला विचारा. मूस चारशे-पाचशे किलोचा, म्हणून माणसं थेट .३०० विन्चेस्टर मॅग्नमकडे धावतात. आमच्या टोळीत असाच एक धिप्पाड गडी आला होता. रेंजवर आमच्या म्होरक्याने त्याच्या नकळत रायफलीत खोटं काडतूस सरकवलं. गड्याने चाप ओढला. नुसतं ‘टक्’ झालं, पण नळीचं तोंड वीतभर खाली गेलं आणि डोळे गच्च मिटले. कुणी हसलं नाही. म्होरक्या एवढंच म्हणाला, “तुझी रायफल मूसच्या आधी तुलाच मारते आहे.” पुढे त्याने कमी दणक्याची .३०८ घेतली आणि ८० मीटरवरच्या पळत्या मूसच्या लक्ष्यावर त्याचा नेम बसू लागला. ज्याचा दणका सोसून भरपूर सराव करता येतो ते काडतूस आपलं, बाकी सगळी हौस.

३. .३०८ की .३०-०६? रात्र रात्र वाद घाला, मूसला फरक कळत नाही. कुत्र्यांनी हाकलेलं जनावर बहुधा शंभर मीटरच्या आतच समोर येतं. जवळच्या दुकानात जे हमखास मिळतं ते घ्या. कुणाला जडच हवं असेल, तर १९०५ सालचं ९.३×६२ आहेच: वेग बेताचा, गोळी सहसा साडेअठरा ग्रॅमपर्यंत. माझा जीव त्यावर आहे, पण ते माझं वेड.

४. पैसे गोळीवर खर्च करा. मऊ शिशाची गोळी खांद्याच्या हाडावर फुटली, की तिचे बारीक कण मांसात पसरतात. जखमेभोवतीचं चांगलं दिसणारं मांसही दहा सेंटिमीटरपर्यंत कापून टाकावं, असा इथल्या अन्न खात्याचा सल्ला आहे. सुरी हातात घेतली, की किती किलो गेलं ते कळतं. तांब्याच्या गोळीने शिशाचे कण टळतात. मात्र तेवढ्याच लांबीची तांब्याची गोळी हलकी भरते. म्हणून डब्यावरचं वजन वाचा आणि गोळी बदलली की दुर्बीण नव्याने जुळवा.

५. मूस जागेवर कोसळेल, असं कोणतंही काडतूस कबूल करत नाही. फुप्फुसातून गोळी आरपार गेली तरी तो कधी कधी नुसता उभा राहतो, चुकलं की काय असं वाटायला लावतो, मग पन्नासेक पावलं चालून पडतो. बोल्ट लगेच मागे-पुढे करा, दुसरी गोळी चढवा, उभा आहे तोवर परत मारा. माग काढणारं शिकवलेलं कुत्रं दोन तासांच्या आत पोहोचेल अशी सोय कायद्यानेच सक्तीची आहे. त्याच्या मालकाचा नंबर सकाळीच फोनमध्ये घालून ठेवा.